बिडाची ग्रिलची जाळी कशी साफ करायची आणि गंजापासून कशी जपायची

ग्रिलवर पनीर टिक्का चिकटतोय, सुरमईची तुकडी उलटताना अर्धी जाळीवरच राहतेय, कणसाला काळे कण लागतायत, असं होत असेल तर आधी जाळीकडे बघा. अमेरिकेत, कॅनडात घरामागे गॅस ग्रिल असलेल्या आपल्या बऱ्याच लोकांकडे बिडाच्या जाळ्या असतात आणि त्या स्टीलच्या भांड्यासारख्या घासून, निथळत ठेवून दिल्या जातात, मग आठवड्यात लाल गंज. घरी बिडाचा तवा वापरला असेल तर तुम्हाला यातलं अर्धं आधीच माहितीये, तोच धातू, तेच लाड.

आधी एक बघून घ्या, जाळी नुसत्या बिडाची आहे की वरून इनॅमलचा थर आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. इनॅमल असेल तर धातूची खरवडणी अजिबात लावायची नाही, टवका उडाला की तिथून आत गंज धरतो. खाली जे सांगतेय ते मुख्यतः नुसत्या बिडासाठी.

रोजची सफाई जाळी गरम असतानाच करायची. जेवण उतरवलं की गॅस बंद करा आणि लांब दांड्याच्या लाकडी खरवडणीने चिकटलेलं काढून टाका, गरम असताना पटकन सुटतं, गार झाल्यावर तेच दगड होतं. मग चिमट्यात जाड कापडाची घडी धरून, तेलाचे दोन थेंब लावून जाळीवरून फिरवा. बरेच जण जेवणानंतर गॅस फुल करून सगळं जाळून राख करतात, मला ते नुसत्या बिडासाठी पटत नाही, कारण फार तापलं की तेलाचा मुरलेला काळा थरही जळतो आणि उघडं राखाडी लोखंड उरतं. त्यापेक्षा पुढच्या वेळी स्वयंपाकाआधी झाकण लावून १०-१५ मिनिटं तापवा, मग परत एकदा खरवडा. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून गरम जाळीवर घासला तरी मस्त काम होतं. तेलाचा स्प्रे मात्र पेटलेल्या ग्रिलवर कधीच मारू नका, भडका उडतो.

तारेच्या ब्रशबद्दल कळकळीने सांगते, वापरू नका. त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटते आणि खाण्यातून पोटात जाते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ऱ्होड आयलंडमधल्या अशा ६ रुग्णांची माहिती छापली होती, कुणाच्या घशात तार रुतली होती तर कुणाच्या आतड्याला भोक पडलं होतं. घरात लहान मुलं असतील तर आजच फेका तो ब्रश.

साबण चालतो का? थोडा चालतो. हल्लीच्या भांड्याच्या लिक्विडमध्ये कॉस्टिक नसतं, त्यामुळे पटकन धुतलं तर थर निघत नाही. बिडाचं खरं वैर पाण्याशी आहे, म्हणजे भिजत ठेवायचं नाही, डिशवॉशर तर नाहीच, आणि तापलेल्या जाळीवर गार पाणी ओतलं तर बीड तडकू शकतं. धुतलं की लगेच पुसायचं, मंद आचेवर पूर्ण कोरडं करायचं आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवायचा.

गंज चढलाच तर घाबरून जाळी टाकून देऊ नका. वरवरचा असेल तर स्टील वूलने घासून निघतो. जास्त असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्यात बुडवा, अर्ध्या अर्ध्या तासाने काढून बघा, रात्रभर ठेवू नका कारण गंज संपला की व्हिनेगर लोखंडच खायला लागतं. नंतर नीट धुवा, स्टील वूलचे कण राहू देऊ नका, आणि कोरडं करा.

आता सीझनिंग, म्हणजे तेलाचा तो काळा थर नव्याने चढवणं, यात लोक चुकतात ते तेल जास्त लावून. सूर्यफूल, कॅनोला किंवा शेंगदाणा, कुठलंही रिफाइंड तेल घ्या, सगळीकडे चोळा आणि मग कोरड्या कापडाने असं पुसा की जणू लावलंच नव्हतं. जाड राहिलं की चिकट गोंद होतो. मग झाकण लावून २०० ते २३० डिग्री सेल्सिअसला तासभर तापवा, तिथेच गार होऊ द्या, असे ३-४ हात द्या. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक थर बनतो, म्हणून खोबरेल आणि तूप इथे कामाचं नाही, ती तशी नीट जोडली जात नाहीत. जवसाचं तेल खूप जण सुचवतात, पण त्याचे पापुद्रे निघतात.

नवीन थरावर पहिले काही वेळा दही-लिंबाचं मॅरिनेशन टाळा, आंबट लागलं की कोवळा थर उठतो. तेल सुटणारं काहीतरी भाजा, चिकनच्या तंगड्या किंवा तेल लावलेली वांगी.

थंडीत ग्रिल बंद राहणार असेल तर कव्हरखाली ओल साचते, तेव्हा जाळ्या काढून, तेलाचा हात देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून घरात कोरड्या जागी ठेवा, बेसमेंट दमट असेल तर तिथे नको.