लहान मूल असताना घर कसं हलवावं

दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘घर बदलणं’ कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की कपाट रिकामं झालंय, आपली गाडी सापडत नाही आणि आई-बाबा सारखे ‘बाजूला हो’ म्हणताहेत. म्हणून सामानाची यादी करायच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका: मुलाचा कोपरा सगळ्यांत शेवटी आवरायचा आणि नव्या घरात सगळ्यांत आधी लावायचा.

१. सांगणं. महिनाभर आधी सांगून उपयोग नाही. चार-पाच दिवस आधी साध्या शब्दांत सांगा: तिकडे आई येणार, बाबा येणार, तुझी उशी येणार. जमलं तर एकदा नवं घर दाखवून आणा.

२. बांधाबांध. मुलाला त्याचं स्वतःचं एक खोकं द्या. आमची लेक दोन वर्षांची होती. मी खोक्यात भरलेली खेळणी ती एकेक करून बाहेर काढायची. दोनदा रागावले, मग लक्षात आलं, की तिला खेळायचं नव्हतंच. वस्तू आत आहेत ना, हे बघायचं होतं. मग तिचं खोकं चिकटपट्टी न लावता उघडंच ठेवलं. दिवसभर ती त्यातला कापडी ससा काढायची, परत ठेवायची. संध्याकाळी तिनेच झाकण लावलं.

जुनी खेळणी टाकून द्यायची असतील, तर ते काम नंतर करा. अंथरुणातली चादर आणि दुपटंही या दिवसांत धुऊ नका. पहिल्या रात्री ओळखीचा वास फार कामी येतो.

आवराआवरीत कात्री, कटर, प्लास्टिकच्या पिशव्या उंचावर ठेवा. सगळ्यांत जपायचं ते रिमोट आणि घड्याळांतल्या चपट्या बटण सेलना. असा सेल गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता तडक रुग्णालय गाठा.

३. हातातली पिशवी. ही सामानाच्या गाडीत चढवायची नाही. दोन दिवसांचे डायपर, कपड्यांचे तीन जोड, नेहमीची औषधं, लसीकरणाचं कार्ड, पाण्याचा कप, दुपटं आणि झोपताना वाचायचं पुस्तक.

४. सामान हलवायचा दिवस. एका मोठ्या माणसाकडे फक्त मूल सोपवा. ‘सगळे मिळून बघू’ म्हटलं, की कुणाचंच लक्ष राहत नाही, आणि त्या दिवशी दार तर सताड उघडं असतं. मूल नातेवाइकांकडे ठेवलं असेल, तरी निघण्याआधी त्याला रिकाम्या खोल्या दाखवा, टाटा करू द्या.

५. नव्या घरात. मुलाला खाली सोडण्याआधी स्वतः गुडघ्यांवर बसून सगळ्या खोल्या फिरा. खरंच रांगा. उभ्याने न दिसलेला खिळा, उघडा सॉकेट, गॅलरीच्या गजांमधली फट त्या उंचीवरूनच दिसते. गजांमध्ये १० सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर आधी जाळी लावा. कपाटं आणि ड्रॉवर भिंतीला पक्के करा. मुलं ड्रॉवर उघडून त्यांचीच शिडी करतात. बादलीत पाणी भरून ठेवू नका, तळाला थोडंसं असलं तरी धोका असतो.

मग मुलाची गादी लावा. आधीच्या घरात भिंतीकडे डोकं असेल, तर इथेही तसंच.

६. पुढचे काही आठवडे. रात्री उठणं, चिकटून बसणं, सुटलेला डायपर परत लागणं, हे सगळं होऊ शकतं. रागावू नका. दूध तोडणं, नवा पलंग, शी-शूची सवय, यांतलं काहीही आत्ता सुरू करू नका. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची धरून. खोकी अर्धी राहिली तरी ती वेळ मोडू नका. मूल खाणं-पिणंच टाकत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

लेकीने सहाव्या दिवशी ससा खोक्यातून काढला तो परत ठेवलाच नाही. खिडकीत नेऊन बसवला.