किनारा दिसतो, पण पोहोचता येईल का?

जुहूहून गोव्याकडे छोट्या विमानाने निघालात की वाटेतल्या खाड्या टाळून सरळ समुद्रावरून जायचा मोह होतो. आधी एक हिशोब करा. सेस्ना १७२ हे छोटं विमान इंजिन बंद पडल्यावर, वारा नसेल तर, हजार फुटांमागे साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. म्हणजे ६००० फुटांवरून सोळाएक किलोमीटर. हा आकडा कागदावरचा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि परतताना तो नेमका तोंडावर येतो. म्हणून मी सकाळी किनाऱ्यापासून दहा किलोमीटरच्या पुढे जात नाही. दुपारी खारा वारा किनाऱ्याकडे ढकलतो, पण तेव्हा तो धूसरपणा! त्यापेक्षा वर चढा. उंची फुकटचा विमा आहे.

लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवं. फुगवायचं मात्र बाहेर पडल्यावरच, नाहीतर पाणी भरलेल्या केबिनमध्ये छताला चिकटून बसाल. पाण्यावर टेकण्याआधी दार किलकिलं करून ठेवा, म्हणजे ते अडकणार नाही. उतरायचंच झालं तर मच्छीमार बोटीच्या जवळ, पण तिच्या वाटेत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा या बोटींचा भरवसा धरू नका.