इन्शुलिन, लेप्टिन, टीएसएच: आकड्यांच्या मागे लागताना या चुका टाळा

मागच्या वेळी फास्टिंग इन्शुलिन, म्हणजे साखर आवरणाऱ्या हॉर्मोनचा उपाशीपोटीचा आकडा, ९ होता, आता १६ आला. झालं! गोड बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि कुणीतरी सुचवलेली गोळीही सुरू. रक्त द्यायच्या आदल्या रात्री झोप किती झाली होती, हे मात्र कुणीच विचारत नाही.

रक्तात आलेलं इन्शुलिन साधारण पाच मिनिटांत निम्मं होतं. त्यामुळे हा आकडा त्या सकाळचा, फार तर मागच्या दोन-तीन दिवसांचा असतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगायला एचबीए१सी आहे. इन्शुलिनच्या एका रिपोर्टवरून वर्षभराच्या वागण्याचा निकाल लावू नका.

चाचणीपुरतं शहाणं होणं

ही चूक सर्रास होते आणि करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. ग्लुकोज टॉलरन्स चाचणी (ग्लुकोज पाजून साखर किती चढते ते पाहणारी) ठरली की लोक आठवडाभर पिष्टमय पदार्थ जवळजवळ सोडून देतात. हेतू चांगला असतो, निकाल उलटा लागतो. पिष्ट मिळेनासं झालं की शरीर चरबीवर चालायला लागतं आणि स्नायू साखर उचलायला नाखूश होतात. अशा शरीरात अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज ओतलं की साखर वर चढते आणि निरोगी माणूसही मधुमेहाच्या उंबरठ्यावर दिसू लागतो. म्हणून या चाचणीआधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलेली असावीत, असा नियम आहे.

दुसऱ्या टोकाला आदल्या संध्याकाळी जिममध्ये घाम गाळणारे असतात. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायूंना कमी इन्शुलिन पुरतं, त्यामुळे रिपोर्ट देखणा येतो. रोज व्यायाम करत असाल तर तो तुमचाच खरा आकडा. फक्त चाचणीपुरता केला असेल, तर तुम्ही स्वतःलाच फसवलंत.

केसांसाठी आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचा तर कुणाला संशयही येत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. या गोळ्यांमध्ये ते ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असतं. हॉर्मोन मोजणाऱ्या बऱ्याच यंत्रांची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते. तिथे थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच खोटं कमी आणि थायरॉइडची स्वतःची हॉर्मोन्स, टी३ आणि टी४, खोटी जास्त येऊ शकतात. थायरॉइड ठणठणीत असूनही ते अतिक्रियाशील झाल्यासारखं वाटतं. गोळी निदान दोन दिवस आधी थांबवावी आणि आपण ती घेतो हे लॅबमध्ये सांगावं.

वेळेचंही तसंच. कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन सकाळी भरात असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. एकदा सकाळी आठला आणि पुढच्या वेळी दुपारी चारला रक्त दिलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

झोपेला शेवटचा नंबर

खाण्याचा हिशेब ग्रॅमपर्यंत ठेवणारी माणसं झोपेच्या बाबतीत दिलदार असतात. रोज दोन तास उडवून देतात. २००४ साली शिकागोत १२ निरोगी तरुणांवर झालेला प्रयोग यावर बोलका आहे. त्यांना दोन रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं आणि नंतर त्याची तुलना दहा-दहा तासांच्या रात्रींशी केली. कमी झोपेनंतर पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त निघालं. माणसं थोडी आणि सगळे पुरुष, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावू नयेत. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत लेप्टिन-घ्रेलिन असंच हललं असंही नाही. पण कमी झोपेनंतर शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शनिवार-रविवारी ताणून दिल्यानेही हे नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

माझं मत विचाराल तर आहाराला हात लावण्याआधी दोन आठवडे झोप सुधारून पाहावी.

उपासमारीला आहार म्हणणं

जेवण एकदम निम्म्यावर आणलं की काही दिवसांतच लेप्टिन कोसळतं. चरबी तेवढी घटलेलीही नसते, पण मेंदूला दुष्काळाची वर्दी पोचते. टी३ खाली येतं, थंडी वाजते, मरगळ येते. त्या अवस्थेतला रिपोर्ट पाहून ‘थायरॉइड बिघडलं’ म्हणत स्वतःच्या मनाने गोळी सुरू करणं ही घोडचूक. बिघडलेलं असतं ते ताट.

२०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अत्यंत कमी उष्मांकांच्या आहाराने वजन उतरवलेल्या लोकांची वर्षभराने पुन्हा तपासणी केली. तेव्हाही लेप्टिन आधीपेक्षा कमी आणि घ्रेलिन आधीपेक्षा जास्तच होतं. डाएट सुटलं की माणूस स्वतःच्या मनोनिग्रहाला दोष देतो, पण त्याच्या रक्तात वर्षभर भुकेची फूस चालू असते.

लेप्टिन वाढवतो म्हणणाऱ्या गोळ्यांबद्दल एवढंच सांगतो: लठ्ठपणात लेप्टिन बहुतेकदा आधीच भरपूर असतं, मेंदू ते ऐकत नाही. १९९४ मध्ये हे हॉर्मोन सापडलं तेव्हा मोठी आशा होती. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मोजक्या रुग्णांना त्याच्या इंजेक्शनांनी खरोखर नवं आयुष्य मिळालं, बाकीच्यांना फारसा उपयोग झाला नाही. त्यामुळे पी हळद आणि हो गोरी इथे चालत नाही.

एक तास व्यायाम, उरलेला दिवस खुर्ची

स्नायू आकुंचन पावत असताना इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालण्यातली गंमत हीच. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि वजनात ७ टक्के घट एवढंच उद्दिष्ट होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण त्याने ५८ टक्क्यांनी घटलं, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

जेवणाची वेळ बदलली आणि तिसऱ्या दिवशी हार मानली

घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी सवयीने वाढतं. रात्री दहाचं जेवण आठवर आणलं तरी सुरुवातीचे काही दिवस दहाला पोट हाक मारणारच. ती जुन्या घड्याळाची भूक आहे, थोडा धीर धरा. बदल मात्र सोडू नका, कारण रात्री मेलॅटोनिन हे झोपेचं हॉर्मोन चढलेलं असताना स्वादुपिंड इन्शुलिन सोडायला आखडतं आणि तेच जेवण साखर जास्त वाढवतं.

सगळं करूनही आकडा हलत नसेल तर

आधी पाहा, दोन-तीन महिने झालेत का, आणि चाचणी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, तितक्याच झोपेनंतर केली का. एका वेळी एकच सवय बदललीत ना? चार बदलल्या असतील तर कशाने काय झालं हे कळणार नाही. मग औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. सांध्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन आठवड्यापूर्वीचं असलं तरी सांगा, गर्भनिरोधक गोळ्याही सांगा. त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसतं. आणि तुम्ही रात्री घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. झोपेत श्वास तुटत असेल तर इन्शुलिनचा आकडा सहजासहजी खाली येत नाही, आणि त्याची तपासणी वेगळी असते.