बिर्कर्ल नक्की कुठले? उत्तरेच्या या व्यापाऱ्यांवर लिहिताना या चुका टाळा

मध्ययुगीन स्कँडिनेव्हियावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, ते व्हायकिंगांपाशी सुरू होतं आणि बहुधा तिथंच संपतं. त्यामुळे वाटेत बिर्कर्ल हे नाव आलं की एका वाक्यात त्यांची बोळवण होते: ‘फिनलंडमधल्या पिर्क्कला गावचे व्यापारी.’ मीही एकदा टिपणात असंच लिहून मोकळा झालो होतो. वाक्य सुटसुटीत आहे, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वादातला आहे.

आधी निर्विवाद तेवढं सांगतो. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला तोर्ने, लुले आणि पिते या नद्या समुद्राला मिळतात. या नद्यांच्या मुखाशी राहणारे काही सधन शेतकरी हिवाळ्यात बर्फावरून आत, सामी लोकांच्या (उत्तर स्कँडिनेव्हियातल्या मूळ रहिवाशांच्या) मुलखात जात. सोबत पीठ, लोणी, मीठ, लोकरी कापड आणि लोखंडी भांडी असत. परतताना खारीची, मार्टेन या मुंगसासारख्या लहान प्राण्याची, बीव्हरची कातडी आणि सुकवलेला पाइक मासा येई. खारीची कातडी चाळिसाच्या गठ्ठ्यांनी मोजत. व्यापाराबरोबर सामींकडून कर गोळा करण्याचा हक्कही त्यांच्याकडेच होता. स्वीडनच्या राजाला ठरलेली रक्कम पोचवायची आणि बाकीचं आपलं, असा तो सरळसरळ इजारा होता. ज्या प्रदेशांत हा हक्क चाले त्यांना लाप्पमार्क म्हणत. स्वीडिश भाषेत या लोकांचं नाव बिर्कर्ल, फिनिशमध्ये पिर्क्कलाइसेत.

वाद आहे तो ही माणसं मुळात आली कुठून यावर, आणि चुकाही तिथंच होतात.

नावावरून गाव काढू नका

पिर्क्कला हे गाव खरंच आहे. आजच्या ताम्पेरे शहराला लागून, जुन्या साताकुंता प्रांताच्या वरच्या भागात. फिनिश परंपरा बिर्कर्लांना तिथले मानते, आणि १९२०च्या दशकात याल्मारी याक्कोला या इतिहासकाराने हे मत भक्कमपणे मांडलं. फिनलंड स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. अगदी उत्तरेपर्यंत पोचलेले आपले पराक्रमी पूर्वज त्या वेळी कुणाला नको असतील? म्हणून ते मत खोटं ठरतं असं नाही, पण वाचताना तारखेकडे लक्ष हवं.

दुसरी बाजू म्हणते, बिर्कर्लमधला ‘बिर्क’ हा गावाचा नसून व्यापाराचा आहे. मेलारेन सरोवरातल्या ब्यर्को बेटावर व्हायकिंग काळातली बिर्का ही पेठ होती, आणि स्वीडनमधल्या जुन्या नगर-कायद्याला ‘ब्यार्कोआरेत्त’ म्हणत. म्हणजे बिर्कर्ल याचा अर्थ पेठेतला माणूस, व्यापारी. यावर लगेच आक्षेप येतो की बिर्का तर इ. स. ९७५च्या सुमारास ओस पडली आणि बिर्कर्ल कागदावर येतात ते १३२८ साली. साडेतीनशे वर्षांची ही फट बुजवायची कशी? उत्तर असं की पेठ गेली तरी कायद्याचं नाव चौदाव्या शतकापर्यंत जिवंत होतं, शब्द मेला नव्हता.

आता खरी गोम पाहा. जुन्या फिनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘ब’ येतच नाही. स्वीडिशमधून ‘बांक’ आला की तो ‘पांक्की’ होतो, ‘बोल’ (चेंडू) आला की ‘पाल्लो’. उलट दिशेने, स्वीडिश लेखनिक पिर्क्कलाला ‘बिर्कला’ लिहीत. म्हणजे पिर्क आणि बिर्क यांतलं साम्य दोन्ही दिशांनी समजावता येतं, आणि नेमक्या त्यामुळेच ते काहीच सिद्ध करत नाही. खुद्द पिर्क्कला गावाचं नाव जुन्या ‘बिर्क’वरून आलं असेल, तर दोन्ही पक्ष एकाच झाडाभोवती फिरतायत.

आपल्याला ही चूक करायची सवय आडनावांमुळे लागते. शेवटी ‘कर’ दिसला की गाव सापडलं! पण सातारकर हे नाव साताऱ्यात राहून पडत नाही, सातारा सोडल्यावर पडतं, आणि ठेवतात ते दुसरे. बिर्कर्ल हे नावही त्यांनी स्वतः घेतलं की दक्षिणेकडच्या कारकुनांनी चिकटवलं, हा प्रश्न आधी विचारा.

गोष्टीतला राजा आणि कागदातला राजा

बऱ्याच लेखांत ठामपणे येतं की राजा मॅग्नुस लादुलोस (कारकीर्द १२७५ ते १२९०) याने बिर्कर्लांना सामी प्रदेश बहाल केला. ‘जो लापांना जिंकेल, त्याचे लाप’ असा काहीसा हा किस्सा (लाप म्हणजे सामींचं जुनं नाव). तो टिपून ठेवला योहान्नेस बुरेउस या अभ्यासकाने, १६००च्या आसपास, उत्तरेच्या प्रवासात. राजा आणि नोंद यांत तीनशे वर्षं गेलेली.

मधल्या काळात काय घडलं होतं तेही पाहा. १५५०च्या दशकात स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने करवसुली बिर्कर्लांच्या हातून काढून सरकारी फौजदारांकडे दिली. वतन गेलेल्या घरांत वतन मिळाल्याची गोष्ट जास्तच रंगते, आणि ती देणारा राजा जितका जुना तितकी सनद पक्की वाटते. बुरेउसने ऐकलं ते आपण सांगायला हरकत नाही, फक्त ते १६०० सालच्या आठवणी म्हणून सांगावं, १२८० सालची बातमी म्हणून नाही.

फिनलंडमध्ये हीच गोष्ट मात्ती कुर्की नावाच्या सरदाराच्या नावावर सांगतात. दंतकथा म्हणून ती छान आहे.

कागद बोलतो तो १३२८ साली. तेल्ये, म्हणजे स्वीडनमधलं आजचं सोदरतेल्ये, इथं झालेला हा करार. गादीवर मॅग्नुस एरिक्सोन होता, वय बारा, त्यामुळे कारभार द्रोत्स (राजाचा मुख्य कारभारी) क्नूत योन्सोन पाहत होता. पाचच वर्षांपूर्वी नोव्हगोरोद या रशियन राज्याशी तह झालेला, त्यामुळे उत्तरेची रिकामी जमीन वसवण्याची घाई होती. वसाहतीला येणाऱ्यांसाठी करारात अटी आहेत: रानात भटकणाऱ्या ‘लाप’ लोकांच्या शिकारीत कुणी आडवं यायचं नाही, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या ‘बिर्कार्लाबोआ’ना कुणी अडवायचं नाही.

हा पहिला उल्लेख. त्यात हे लोक कुठले, याबद्दल अवाक्षर नाही. त्यांची ओळख करून द्यायची गरजच कागद लिहिणाऱ्याला वाटलेली नाही, म्हणजे १३२८ पर्यंत ते सगळ्यांच्या माहितीचे होते. इतकाच निष्कर्ष इथून निघतो. लोक मात्र याच कागदाला ‘बिर्कर्लांच्या स्थापनेची सनद’ करून टाकतात.

‘फिन’ म्हणजे फिनलंडचा, असं धरू नका

भाषांतरातली ही चूक सर्वांत महागात पडते. जुन्या नॉर्स आणि इंग्रजी मजकुरात ‘फिन’ म्हणजे सामी. नॉर्वेचा फिनमार्क हा सामींचा मुलूख, फिनिश लोकांचा नव्हे.

हॉलोगालांदचा ओत्तर हा नॉर्वेजियन सरदार ८९०च्या सुमारास इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला सांगतो की फिन त्याला कर देतात. सर्वांत श्रीमंत माणूस पंधरा मार्टेनची कातडी, पाच रेनडिअरची, एक अस्वलाचं, दहा मापं पिसं, अस्वलाच्या किंवा पाणमांजराच्या कातड्याचा अंगरखा आणि साठ हात लांबीचे जहाजाचे दोन दोर देतो. ही यादी सामींकडून येणाऱ्या कराची आहे. ‘फिनिश लोक कर देत’ असं भाषांतर केलंत की पुढचा सगळा इतिहास उलटा होतो, कर घेणाऱ्यांचे संभाव्य पूर्वज कर देणारे होऊन बसतात!

ओत्तरच क्वेन लोकांचाही उल्लेख करतो. ते हलक्या होड्या उचलून घेऊन डोंगर ओलांडत आणि नॉर्वेजियनांवर धाडी घालत. क्वेन आणि बिर्कर्ल एकच, असं मत आहे. मला ते मोहक वाटतं, पण नववं शतक आणि चौदावं शतक यांच्यामध्ये घालायला आपल्याकडे अखंड धागा नाही. दोन्ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरू नका.

आजचा नकाशा बाजूला ठेवा

‘हे स्वीडिश होते की फिनिश?’ हा प्रश्न तोर्ने नदीच्या काठावर १८०९ पूर्वी कुणाला पडलाच नसता. त्या वर्षी फिनलंड रशियाकडे गेला आणि नदी सरहद्द झाली. त्याआधी दोन्ही काठ एकाच राजाचे होते. सोळाव्या शतकात तोर्नेकडचे बिर्कर्ल बहुतांशी फिनिश बोलत, लुले आणि पितेकडचे स्वीडिश. एकच हक्क, दोन भाषा. यौको वाहतोला यांनी १९८०मध्ये तोर्ने खोऱ्यातल्या स्थळनावांचा अभ्यास मांडला. त्यात हामे, साताकुंता आणि कारेलिया या फिनिश प्रदेशांतून, अशा वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या वसाहतींच्या खुणा आहेत. खोरंच असं मिसळलेलं असताना व्यापारी तेवढे एकाच गावचे निघतील, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

किनाराही आजचा धरू नका. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन वर येते आहे, अजूनही वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर. सातशे वर्षांत सहा मीटर धरा. सपाट किनाऱ्यावर सहा मीटर म्हणजे समुद्र कितीतरी मागे सरकतो. लुलेओ शहर १६२१मध्ये वसलं आणि बंदर उथळ झाल्याने १६४९मध्ये सुमारे दहा किलोमीटर पुढे हलवावं लागलं, पिढी उलटायच्या आत. जुन्या जागेवरचं चर्च आणि भोवतालची लाकडी घरं आज गामेलस्ताद नावाने जागतिक वारसा यादीत आहेत. तेव्हा नकाशावर बोट ठेवून ‘हे गाव तर समुद्रापासून लांब, इथं व्यापारी कसले?’ असं म्हणण्याआधी उंची तपासा.

हक्काला जात समजू नका

माझ्या मते वादाची निम्मी गाठ इथं सुटते. सोळाव्या शतकात बिर्कर्ल म्हणजे लाप्पमार्कात जाण्याचा हक्क असलेला शेतकरी. शेजारच्या घरात तीच भाषा, तसाच गोठा, तीच प्रार्थना, पण हक्क नाही, म्हणून तो बिर्कर्ल नाही. ‘बिर्कर्ल लोक कुठून आले’ या प्रश्नात वंश गृहीत धरलेला असतो. ‘हा हक्क कुणाकुणाच्या हाती आला’ असं विचारा. मग काही घराणी साताकुंतामधून आली, काही स्थानिक होती, काही दक्षिणेकडून किनाऱ्याने वर सरकली, असं एकाच वेळी खरं असू शकतं. शेवटही तसाच झाला. करवसुली गेली, १६०५मध्ये राजा नवव्या कार्लने लाप्पमार्कात बाजाराच्या जागा ठरवल्या (योक्मोक्कचा हिवाळी बाजार तेव्हापासूनचा), आणि १६२१मध्ये तोर्नेओ, लुलेओ, पितेओ ही शहरं वसवून व्यापार शहरी नागरिकांकडे दिला. माणसं तिथंच राहिली, बिर्कर्ल मात्र उरले नाहीत.

याच ओघात, ‘लापांचे मालक’ असा शब्द वापरू नका. गोष्टीत तो आहे, व्यवहारात हक्क कराचा आणि व्यापाराचा होता. आणि ‘लाप’ हा शब्द आज अपमानास्पद मानला जातो. जुना कागद उद्धृत करताना तो ठेवा, स्वतःच्या वाक्यात सामी लिहा.

थोडं लेखनाविषयी

बिर्कर्ल हे एकवचन, स्वीडिश अनेकवचन बिर्कर्लार. ‘बिर्कर्लारांनी’ लिहिलंत तर अनेकवचनाला पुन्हा अनेकवचन लागतं, ‘फिल्म्सेस’सारखं. मराठीत ‘बिर्कर्लांनी’ पुरेसं आहे. आणि ‘पिर्क्कलावासी’ असं भाषांतर करू नका. केलंत की वादाचा निकाल तुम्हीच लावून टाकलात, तोही एका प्रत्ययाने.