पत्ता बरोबर, तरी कर्नल पडतो: डिव्हाइस मॅपिंगचा फॉल्ट कसा शोधावा

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या मशीनसाठी कंट्रोलर बोर्डाचा लिनक्स ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, हार्डवेअरशी बोलता यावं म्हणून लिहिलेला कोड) लिहीत असाल, तर कोडला हात लावण्याआधी लॉगची, म्हणजे कर्नलचे संदेश साठवण्याची, सोय करा. बोर्डाच्या सिरियल पिना ३.३ व्होल्टच्या यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा (५ व्होल्टच्या केबलने पिन जळू शकते), वेग बहुधा ११५२०० बॉड असतो, आणि सगळं फाइलमध्ये उतरवा. रॅमूप्सवर (रॅमच्या राखीव तुकड्यात शेवटचा लॉग ठेवण्याची कर्नलची सोय) विसंबू नका. साध्या रीबूटमध्ये तो टिकतो, पण लाइट गेली की रॅमसोबत तोही गेला.

ऊप्स (कर्नल पडताना छापतो तो एररचा मजकूर) आला की त्यातला ईएसआर, म्हणजे फॉल्टचं कारण नोंदवणाऱ्या रजिस्टरचा आकडा, आधी वाचा. ६४-बिट आर्मवर या हेक्स आकड्याचे शेवटचे सहा बिट कारण सांगतात. उगाच पत्ते बदलून बघण्यात दिवस घालवू नका.

९६०००००४ ते ०७ म्हणजे त्या पत्त्याला मॅपिंगच नाही, कर्नलचा तो पत्ता कुठल्याच खऱ्या जागेशी जोडलेला नाही. (लिहिताना फॉल्ट झाला तर ०६ ऐवजी ४६ दिसतं, कारण तेच.) फॉल्टचा पत्ता १० किंवा १सी असा चिमुकला असेल तर आयओरीमॅपने (डिव्हाइसचा पत्ता कर्नलला मॅप करून देणारं फंक्शन) शून्य परत केलंय आणि कुणी तपासलं नाही. डेव्हएम-आयओरीमॅप-रिसोर्ससारखी फंक्शनं मात्र शून्य देत नाहीत, एररचा आकडाच पॉइंटर म्हणून देतात; तिथे ‘इज-एरर’नेच तपासावं लागतं. जागा आधीच दुसऱ्या ड्रायव्हरने घेतली असेल तर मिळतो उणे १६, आणि त्यात हेक्स १० चा ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) मिळवला की बेरीज चक्क शून्य! मग माणूस नल (शून्य) पॉइंटर शोधत बसतो.

आणखी एक फसवी गोष्ट. तुम्ही २५६ बाइट मागितले तरी मॅप होतं अख्खं पान, साधारणपणे ४०९६ बाइटचं. म्हणून ऑफसेट चुकला तरी पान संपेपर्यंत मॅपिंगचा फॉल्ट येत नाही, बहुधा नुसते चुकीचे आकडे येतात.

९६००००२१ म्हणजे अलाइनमेंट, पत्ता हव्या त्या पटीत नाही. डिव्हाइसच्या जागेवर साधा मेमकॉपी चालवलाय, किंवा रीडएल (डिव्हाइसमधून चार बाइट वाचणारं फंक्शन) चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावर लावलाय. मेमकॉपीऐवजी त्याचा ‘टू-आयओ’ किंवा ‘फ्रॉम-आयओ’ भाऊ वापरा.

९६०००२१० सगळ्यात छळतो. मॅपिंग ठीक, पण बसने नकार दिला: क्लॉक बंद, ब्लॉक रीसेटमध्ये, पॉवर डोमेन झोपलेलं, नाहीतर त्या पत्त्यावर काहीच नाही. डीबगएफएस या कर्नलच्या तपासणी-फोल्डरमधली क्लॉक-समरी, म्हणजे क्लॉकची यादी, बघा. बूट ओळीत (कर्नल सुरू होताना दिलेल्या सूचनांत) ‘क्लॉक-इग्नोर-अनयूज्ड’, म्हणजे न वापरलेली क्लॉकं बंद करू नको, असं घालून चाललं, तर बहुधा ड्रायव्हर आपलं क्लॉक सुरू करत नाही. काही चिपांवर ऊप्सही येत नाही, बोर्ड नुसता गोठतो. राइटएलची (चार बाइट लिहिणारं फंक्शन) तक्रार तर उशिरा, एसएरर (मागाहून कळणारी बसची एरर) म्हणून येते, तोवर कोड पुढे गेलेला असतो. ऊप्समधली ओळ निर्दोष असू शकते. संशयित राइटएलच्या मागे एक रीडएल घाला, म्हणजे खरी जागा जवळ येते.

पत्त्याचाच संशय असेल तर प्रॉक फोल्डरमधली आयओमेम फाइल (कुठला पत्ता कुणाकडे आहे याची यादी) सूडो लावून वाचा. सूडोशिवाय नुसती शून्यं दिसतात. रास्पबेरी पाय ४ या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) जीपीआयओचा, म्हणजे साध्या इनपुट-आउटपुट पिनांचा, बस पत्ता ७ई२००००० असतो, प्रोसेसरला तोच एफई२००००० दिसतो. हे भाषांतर ट्रीमधली ‘रेंजेस’ नोंद करते. ट्रीमध्ये ७ई, हाताने आयओरीमॅप करताना एफई. उलटं केलं की गडबड ठरलेली.