सिंहगडावर युवराज कसा ओळखायचा

पावसाळ्यात सिंहगड चढताना पिठलं-भाकरीची घाई जरा बाजूला ठेवा आणि उताराकडे बघत चला. दगडाच्या नाहीतर झुडपाच्या शेंड्यावर बसून एखादा काळा, टोकदार तुरेवाला छोटा पक्षी गात असेल तर तो बहुतेक युवराज, म्हणजे क्रेस्टेड बंटिंग. जेमतेम १७ सेंमी, चिमणीपेक्षा थोडा मोठा.

लोक फसतात ते तुऱ्यामुळेच, तुरा दिसला की बुलबुल म्हणायचं आणि पुढे चालायला लागायचं. तुरा सोडा हो, पंख बघा. नर सगळा चकचकीत काळा पण पंख आणि शेपटी विटकरी, आणि तो उडाला की ते विटकरी असं काही उठून दिसतं की लांबूनही चुकत नाही. उडताना पांढरं चमकलं तर तो कवड्या गप्पीदास, शेपटी उभारून बुडाखालचा तांबडा रंग दाखवत फिरत असेल तर चिरक. चोच पण बघा, याची दाणे फोडायची, आखूड आणि त्रिकोणी.

मादीचं मात्र अवघड आहे. मी दोन सीझन तिला मलबारी चंडोल समजत होतो, वहीत अजून तसंच लिहिलेलं आहे 😅 ती मातकट, तुरा आखूड. चंडोलाच्या छातीवर ठसठशीत रेघा असतात, हिच्या पुसट, आणि पंखात तांबूस झाक. डाऊट आला तर पाच मिनिटं तिथेच थांबा, विणीच्या दिवसांत नर आसपासच असतो.

दाट झाडीत शोधू नका. खडकाळ गवताळ उतार, मधेमधे खुरटी झुडपं, दगडी बांध, ही याची जागा. गाणं छोटंसं, आधी अडखळत, मग मोकळा आवाज आणि शेवटी उतरता सूर, परत परत तेच.

घरटं जमिनीलगत, दगडाखालच्या खोबणीत किंवा बांधाच्या फटीत असतं, त्यामुळे फोटोसाठी पायवाट सोडून गवतात घुसू नका. मादी चोचीत अळी धरून नुसतीच या झुडपावरून त्या झुडपावर करतेय, खाली उतरत नाहीये, तर समजा तुम्ही घरट्याजवळ उभे आहात, कॅमेरा खाली करा आणि गुपचूप वीस-पंचवीस पावलं मागे या.

हिवाळ्यात गाणं बंद, तेव्हा खालच्या कापणी झालेल्या शेतांत दाणे टिपताना सापडतात.