एनपी व्हायचंय? आधी फीचं बघा, परीक्षेचं नंतर

इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत दरवर्षी दोन-चार नवीन सिस्टर भेटतात, एखादा ब्रदरपण असतो, आणि पहिलाच प्रश्न ठरलेला, ताई एफएनपीच्या (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) परीक्षेला कुठला रिव्ह्यू कोर्स लावू? अहो, अजून आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स हातात नाही, नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलात, ईएडीचा, म्हणजे कामाच्या परवान्याचा, पत्ता नाही, आणि डायरेक्ट नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, स्वतः तपासून औषध लिहून देणारी नर्स! हौस चांगलीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण इथे इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की परीक्षा हा या सगळ्यातला सरळ भाग आहे, अभ्यास केला की होते. घोडं अडतं ते व्हिसाशी आणि पैशाशी. म्हणून त्याच क्रमाने सांगते.

आपल्यातल्या बऱ्याच जणी एच-फोरवरच, म्हणजे एच-वनवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच, येतात, कारण नर्स म्हणून सरळ ग्रीनकार्डवर यायचं तर ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीनकार्डाच्या वर्गात भारताची रांग दहा-बारा वर्षांच्या घरात जाते. फिलिपिन्सच्या मुली आपल्या आधी येऊन सेटल होतात त्याचं मोठं कारण हेच, हुशारीचा संबंध नाही. एच-फोरवर शिकायला बंदी नाही, फुलटाइम शिकता येतं. कामाला मात्र ईएडी लागतं, आणि ते नवऱ्याचं आय-१४० (कंपनीने ग्रीनकार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झालेलं असेल किंवा त्याचं एच-वन सहा वर्षांच्या पुढे वाढवलेलं असेल तरच मिळतं. हा नियम २०१५ चा. तोपर्यंत घरी बसून काय करायचं? कागद.

कागद म्हणजे सीजीएफएनएसची (परदेशी नर्सेसचं शिक्षण तपासणारी संस्था, आता नाव ट्रूमेरिट) तपासणी. बीएस्सीवाल्यांचं ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून, रजिस्ट्रेशनची पडताळणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून, आणि हे सगळं संबंधित ऑफिसने परस्पर पाठवायचं असतं, तुमच्या हातून गेलेलं चालत नाही. इथून फोन करून काही होत नाही हे लक्षात घ्या. भावाला किंवा वडिलांना अधिकारपत्र देऊन कॉलेजात पाठवा, क्लार्कसमोर बसून फॉर्म भरून घ्यायला सांगा. प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास वेगळे आणि क्लिनिकलचे वेगळे लिहिलेले हवेत, नुसते मार्क लिहिलेला कागद आला की फाइल तिथेच अडकते. ब्रदर लोकांनी प्रसूती विभागाचे तास खास बघून घ्या, कारण आपल्याकडे मुलांना लेबर रूममध्ये कमी उभं करतात आणि इथे राज्याचं नर्सिंग बोर्ड नेमकं तेच शोधतं.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलेल्यांना वाईट वाटेल पण सांगते, जीएनएमवर आरएन होता येतं, एनपीच्या मास्टर्सला मात्र बहुतेक ठिकाणी बीएसएन, म्हणजे इथली नर्सिंगची पदवी, लागतं, म्हणजे मध्ये आरएन टू बीएसएन करावं लागणार. हे ऑनलाइन होतं, नोकरी सांभाळून होतं, आणि काही युनिव्हर्सिटी सहा महिन्यांच्या टर्मला ठरावीक फी घेतात, त्यात जितके विषय उरकाल तितके तुमचे. पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरचं बीएस्सी) केलेल्यांनी सीजीएफएनएसच्या मूल्यांकनात ते काय म्हणून धरलंय हे बघितल्याशिवाय कुठेही ॲडमिशन घेऊ नका.

मग एनक्लेक्स, म्हणजे आरएनच्या लायसन्सची परीक्षा. फी २०० डॉलर, प्रश्न ८५ ते १५०, वेळ पाच तास, आणि भारतातूनही देता येते. माझा सल्ला, सुट्टीला घरी जाणार असाल आणि एटीटी, म्हणजे परीक्षेला बसायचं परवानगीपत्र, आलेलं असेल तर तिथेच उरकून टाका, आई मुलांकडे बघते, डोकं शांत राहतं.

आता मुद्द्याचं. लायसन्स आलं, ईएडी आलं, की लगेच एनपीला उडी मारू नका. आधी एखाद्या मोठ्या हॉस्पिटल सिस्टिममध्ये आरएन म्हणून लागा, जिथे ट्यूशन रीइम्बर्समेंट, म्हणजे शिकण्याची फी कंपनीकडून परत मिळायची सोय, आहे तिथेच, भले ताशी दोन डॉलर कमी मिळाले तरी चालेल. कारण कंपनीने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाला दिले तर त्यावर तुम्हाला टॅक्स लागत नाही. पार्टटाइम एनपी चार वर्षांत केलं तर २१ हजार तिथेच सुटले. एफएनपीचं मास्टर्स साधारण ४५ ते ५० क्रेडिटचं असतं, आणि क्रेडिटचा भाव सरकारी युनिव्हर्सिटीत पाच-सहाशेपासून खाजगीत हजार-दीड हजारपर्यंत कुठेही, म्हणजे तोच कोर्स तीस हजारात होतो आणि सत्तर हजारातपण होतो, परीक्षा एकच, लायसन्स एकच, पगारपण तोच. रुग्ण तुमच्या डिग्रीवरचा शिक्का बघत नाही आणि नोकरी देणारापण फारसा बघत नाही.

पण त्या रीइम्बर्समेंटचा करार नीट वाचा. एचआरची बाई हसत हसत पुढे करते, आपण सही करतो. त्यात लिहिलेलं असतं की कोर्स संपल्यावर एवढी वर्षं इथे काम करायचं, नाहीतर पैसे परत. हे ठीक आहे, देणारा अट घालणारच. बघायचं ते हे, की नोकरी तुम्ही सोडली तरच परतफेड आहे की कुठल्याही कारणाने सुटली तरी आहे. कारण एच-फोरवाल्यांची नोकरी ईएडीची तारीख संपली की आपोआप थांबते. पूर्वी रिन्यूअल टाकलं की मुदतवाढ आपोआप मिळायची, ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ती बंद झाली. म्हणजे कार्ड वेळेत आलं नाही तर कामावर जाता येणार नाही, आणि करार वाकडा असेल तर वर पैसेपण मागतील. रिन्यूअल १८० दिवस आधी टाकता येतं, त्याच आठवड्यात टाका, आणि करारात इमिग्रेशनच्या कारणाने काम थांबलं तर परतफेड नाही असं एक वाक्य घालून मागा. मागितलं तर कधी कधी देतात, न मागता कुणीच देत नाही.

फेडरल कर्ज, म्हणजे एफएएफएसए हा सरकारी फॉर्म भरून मिळणारं, एच-फोरला मिळत नाही, त्यासाठी ग्रीनकार्ड किंवा सिटिझनशिप हवी. बँका खाजगी कर्ज देतात पण त्याला इथला को-सायनर, म्हणजे जामीन, लागतो, आणि मावसभावाच्या किंवा दिराच्या गळ्यात पडून काढलेलं कर्ज नात्यालापण जड जातं, मी तरी नको म्हणेन. त्यापेक्षा प्रत्येक सेमिस्टरला एक-दोनच विषय घ्या, पगारातून भरा, बऱ्याच युनिव्हर्सिटी सेमिस्टरची फी चार हप्त्यांत घेतात. शिवाय एच-फोरला इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) लागू आहे का ते राज्याराज्यावर आहे, रजिस्ट्रारला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं उत्तर दुसऱ्या दिवशी बदलतं. टॅक्स भरताना लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही टॅक्समधली सूट विसरू नका, फीच्या पहिल्या दहा हजारांवर २० टक्के, म्हणजे दोन हजारांपर्यंत, उत्पन्नाची मर्यादा आहे त्यामुळे दोघांचा पगार जास्त असेल तर मिळणार नाही.

ग्रीनकार्डवाल्यांचं सोपं आहे असं वाटतं पण तिथेही आता गणित बदललंय. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज काढणाऱ्यांना ग्रॅड प्लस (मास्टर्सचा सगळा खर्च भागवणारं सरकारी कर्ज) बंद, आणि साध्या ग्रॅज्युएट कोर्सला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख ही मर्यादा. जास्त मर्यादा प्रोफेशनल डिग्रीला आहे आणि त्या यादीच्या मसुद्यात नर्सिंग धरलंच नाही म्हणून नर्सेसच्या संघटनांनी केवढा गदारोळ केला ते बातम्यांत बघितलं असेलच. मला विचाराल तर एफएनपीला वर्षाला वीस हजारांच्या वर खर्च येत असेल तर शाळाच बदला. सरकारी योजनांत नर्स कोअर बघून ठेवा, सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे. टंचाई असलेल्या ठिकाणी दोन वर्षं काम करायचं, नर्सिंगच्या कर्जातले ६० टक्के ते फेडतात, तिसरं वर्ष दिलंत तर आणखी २५. ना-नफा हॉस्पिटलात फुलटाइम असाल तर १२० हप्त्यांनंतर उरलेलं फेडरल कर्ज माफ होतं तेही आहेच.

शाळा निवडताना रँकिंग बघत बसू नका. सीसीएनई (नर्सिंगच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) किंवा तत्सम मान्यता आहे का, तुमच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना घ्यायची परवानगी आहे का, आणि तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, प्रीसेप्टर कोण शोधणार? स्वस्त ऑनलाइन कोर्सची गोम इथे असते. क्लिनिकलचे तास पूर्वी किमान ५०० होते, २०२२ च्या नव्या निकषांत ते ७५० झाले, आणि हे तास ज्याच्या हाताखाली करायचे तो डॉक्टर किंवा एनपी तुम्हीच शोधा म्हणून शाळा हात वर करते. मग माणसं वेबसाइटला हजारो डॉलर देऊन प्रीसेप्टर विकत घेतात. फी स्वस्त पडली म्हणून खूश झालेले इथे खिशाला चाट लावून घेतात.

आपल्याला इथे एक फायदा आहे, देसी डॉक्टर. न्यू जर्सीत एडिसन, इसेलिनच्या बाजूला गुजराती, तेलुगू, आपल्यातलेही डॉक्टर स्वतःची प्रॅक्टिस चालवतात. जाताना एक पानाचा बायोडेटा, शाळेच्या ॲग्रीमेंटचा नमुना, मालप्रॅक्टिस इन्शुरन्सचा (उपचारातल्या चुकीसाठीचा विमा) कागद आणि कुठल्या तारखांना किती तास हवेत ते छापून न्या. सोमवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा वेटिंग रूम भरलेली असते. डॉक्टरला गाठायच्या आधी ऑफिस मॅनेजरशी बोला, कारण खोल्या आणि वेळापत्रक तीच बघते, ती हो म्हणाली की डॉक्टर नाही म्हणत नाही. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ सांगा, सर मला तुमच्याकडे १५० तास हवेत, मी चार्टिंगला मदत करेन, गुजराती समजतं, हिंदी बोलते, आजी-आजोबांशी बोलायला तुम्हाला माझा उपयोग होईल. लहान मुलांची आणि बायकांची रोटेशन, म्हणजे त्या विभागातले तास, मिळायला सगळ्यात अवघड, तिथून शोधायला सुरुवात करा, एक वर्ष आधी.

आता परीक्षा. परीक्षा घेणारी बोर्डं दोन, एएएनपीसीबी आणि एएनसीसी, दोन्ही सगळीकडे चालतात. पहिल्यात १५० प्रश्न, त्यातले १३५ मोजतात, तीन तास, पास ५०० ला (हे स्केल करून काढलेले गुण, बरोबर प्रश्नांची संख्या नाही). दुसऱ्यात १७५, मोजतात १५०, साडेतीन तास, पास ३५० ला. पहिली परीक्षा जवळपास पूर्ण क्लिनिकल असते, दुसरीत रिसर्च, पॉलिसी, एथिक्स असंही येतं आणि प्रश्नांचे प्रकारही वेगवेगळे. आपल्याकडून आलेल्यांना मी पहिलीच सुचवते, वॉर्डात दिवस काढलेल्यांना ती जवळची वाटते. पुढे शिकवायचं असेल तर दुसरी घ्या.

अभ्यासात आपली अडचण ज्ञानाची नसते, सवयीची असते. ताप म्हटलं की आपलं डोकं मलेरिया, डेंग्यू, टायफॉइडकडे जातं. इथला प्रश्न असा येतो की न्यू जर्सीतला माणूस, आठवड्यापूर्वी जंगलात कॅम्पिंगला गेलेला, मांडीवर लाल गोल चट्टा, मध्ये फिकट, अंग दुखतंय, आता काय कराल? आपण रक्त तपासायला धावतो. उत्तर असतं डॉक्सिसायक्लिन सुरू करा, कारण लाइमची, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी सुरुवातीला निगेटिव्हच येऊ शकते आणि चट्टा दिसला की निदान झालं. दुसरा आवडता प्रश्न टीबीचा. दोन वर्षांपूर्वी भारतातून आलेली बाई, लहानपणी बीसीजी घेतलेली, मॅन्टूची (टीबीची त्वचेवरची चाचणी) सूज ११ मिलिमीटर. पर्यायात लिहिलेलं असतं की बीसीजीमुळे आहे, दुर्लक्ष करा, आणि आपल्याला ते इतकं ओळखीचं वाटतं की बोट तिकडेच जातं. चूक. पाच वर्षांच्या आत टीबीच्या देशातून आलेल्याला दहा किंवा त्याहून जास्तला पॉझिटिव्ह धरायचं, बीसीजी विचारात घ्यायचं नाही, पुढे छातीचा एक्सरे.

औषधांची नावं वेगळ्या वहीत लिहा, सालब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल, पॅरासिटामॉल ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनलिन एपिनेफ्रिन, पेथिडीन मेपेरिडीन. स्क्रीनिंगची वयं पाठच हवीत, आतड्याच्या कॅन्सरला ४५, मॅमोग्राम ४० पासून दर दोन वर्षांनी, आणि डायबिटीसला आपल्या आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच बघायचं, २५ ची वाट बघायची नाही. हे शेवटचं परीक्षेलाही लागतं आणि घरातल्या माणसांनाही.

आणखी एक. डॉक्टरांना कळवा हा पर्याय आपल्याला फार जवळचा, ड्युटीवर वर्षानुवर्षं तेच केलंय. एनपीच्या परीक्षेत तो बहुतेक वेळा चूक असतो, तिथे औषध तुम्हीच लिहायचंय. रेफर करायचं ते खरोखर तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर. ही सवय मोडायला वाचन पुरत नाही, रोज प्रश्न सोडवा आणि चुकलेल्या प्रश्नाखाली आपण तो पर्याय का निवडला ते एका ओळीत लिहा. महागडे दोन-तीन रिव्ह्यू कोर्स एकदम लावू नका, एक कोर्स आणि एक चांगली प्रश्नपेढी बास.

पास झाल्यावरही खर्च संपत नाही हे कुणी सांगत नाही. राज्याचं लायसन्स, कंट्रोल्ड, म्हणजे सवय लागू शकणारी, औषधं लिहायची तर डीईए या केंद्रीय खात्याचं रजिस्ट्रेशन, त्याचेच तीन वर्षांचे ८८८ डॉलर, काही राज्यांत त्यासाठी राज्याचं वेगळं रजिस्ट्रेशन. एनपीआय नंबर (बिलिंगसाठीचा ओळखक्रमांक) तेवढा फुकट. नोकरी बोलताना डीईए आणि रिन्यूअलचे पैसे कोण भरणार ते ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. त्यात इन्शुरन्स कंपन्यांच्या क्रेडेन्शियलिंगला, म्हणजे त्यांच्या यादीत तुमचं नाव लागायला, दोन-तीन महिने सहज जातात, काही ठिकाणी ते होईपर्यंत जॉइनच करून घेत नाहीत, म्हणून आरएनच्या नोकरीचा राजीनामा एकदम देऊ नका, पर डिएम, म्हणजे लागेल तेव्हा शिफ्ट घ्यायची अशी नोकरी, करून घ्या आणि महिन्याला चार शिफ्ट चालू ठेवा.